पाठ असलेला परिच्छेद

देवपूर, धुळे
रविवार

प्रिय कामिनीताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र आधी फ्रीजवर ठेवून देशील, असं मला वाटतं. ठेव. पण तुझ्या सासूबाईंनी ‘कोणाचं पत्र?’ म्हणून विचारायच्या आत उघड. यात माफी नाही. हे आधीच सांगते, म्हणजे तू ती शोधत वाचणार नाहीस. तुझी फाइल मी परत पाठवली, तिच्यावर ‘गंभीर चूक’ असा शेरा मारला आणि त्या शेऱ्यामुळे तुझं काम थांबलं आहे. तीच फाइल उद्या पुन्हा माझ्यासमोर आली तर मी पुन्हा तोच शेरा मारीन. राग आला असेल तर तो बरोबर आहे. पण मी फोन न करता पत्र का लिहिलं, हे शेवटपर्यंत वाचल्याशिवाय तुला कळणार नाही.

इथलं बरं चाललं आहे. थंडी ओसरली. भरिताची वांगी बाजारात अजून दिसतात, पण त्यांना आता ती चव नाही. आमची अक्का गुडघ्यामुळे घरातच असते आणि माझ्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून मला बघत बसते. परवा म्हणाली, “कानमा ते बोंडं घालीसन दिनभर काय ऐकी ऱ्हायनी व माय?” मी सांगितलं, तिकडे अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाले की सगळं बोलून ठेवतात, ते ऐकून आमच्या लोकांनी टाइप करायचं, आणि ते बरोबर टाइप झालं की नाही हे मी तपासायचं. अक्काने थोडा विचार केला. “मंग मना गुडघा का बरं दुखस ते ईचार त्यासले.” ते फक्त बोलतात, आपल्याला त्यांना काही विचारता येत नाही, म्हटलं तर सगळ्याच डॉक्टरांना निकालात काढत म्हणे, “बठ्ठा डॉक्टर तसाच शेतस.” तुला हे सांगायचं होतं. असल्या गोष्टी सांगायला मला दुसरं कोणी नाही. तुझ्याआधीही नव्हतं, पण तेव्हा ते जाणवत नसे.

जळगावच्या रिंग रोडवरच्या त्या ऑफिसात मी आले तेव्हा माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा होता आणि आवाज म्हणजे लहरी, एवढीच माझी समज होती. तू मला शेजारी बसवलंस आणि एकाच रेकॉर्डिंगला दोन हेडफोन लावलेस. रेकॉर्डिंग थांबवायचं पायाखालचं पेडल तुझ्याकडे होतं, माझ्याकडे नुसता कागद. डॉक्टर बोलायचा, तू थांबवायचीस आणि माझ्या कागदाकडे बघायचीस. मला जे ऐकू आलं नव्हतं तेही मी लिहून टाकलेलं असायचं, कारण रिकामा कागद दाखवायची मला लाज वाटे. तू एकदाच बोललीस. “मयुरी, नाही ऐकू आलं तर जागा सोड. तिथे रेकॉर्डिंगमधली वेळ लिही आणि पुढे जा. ती जागा दुसरं कोणीतरी भरेल. तू अंदाजाने भरलीस तर मग ती कोणीच तपासणार नाही.” तू हे काही शिकवल्यासारखं बोलली नव्हतीस, भाजीत मीठ किती टाकायचं ते सांगावं तसं सांगितलं होतंस. मी तेव्हापासून तसंच करते आहे.

नंतर सगळे घरून काम करायला लागले, आणि जळगाव, भुसावळ, चोपडा, सावदा अशी पांगलेली माणसं तू ‘शंका’ नावाच्या ग्रुपवर गोळा केलीस. पेशंटचं नाव कधीच टाकायचं नाही, फक्त फाइलचा नंबर आणि जागा. ज्याला तो डॉक्टर ओळखीचा असेल त्याने उघडून ऐकायचं. तुला आठवतं का, सुरुवातीला सगळ्या शंका लिहायच्या पद्धतीच्या असायच्या. निदानातला संक्षेप तसाच ठेवायचा की उलगडून लिहायचा? डॉक्टर आधी डावा गुडघा म्हणतात आणि शेवटी उजवा, तर कोणता ठेवायचा? तुझी उत्तरं ठरलेली. आधी त्या हॉस्पिटलचे नियम बघ, मग आपलं नियमांचं पुस्तक, मग मला विचार. गुडघा तू ठरवू नकोस, दोन्ही तसेच लिही आणि वर शेरा टाक, ज्याचा पेशंट त्याला ठरवू दे. चोपड्याचा ज्ञानेश्वर एकदा कंटाळून म्हणाला होता, “ताई, तुम्हाला विचारलं की शंका जात नाही, नवीन तीन मिळतात.” त्यावर तू लिहिलं होतंस, “मग फी वाढवावी लागेल, ज्ञानेश्वरभाऊ. केळीचे वेफर पाठवा.” आणि त्याने खरंच पाठवले होते.

डॉक्टरांना नावंही तूच दिलीस. घाईवाला. जेवता जेवता बोलणारी ती बाई, जिला तू ‘ताटावरची’ म्हणायचीस. आणि आबा. आबा खाकरून सुरुवात करायचे, मध्ये उसासा टाकायचे, आणि तपासणीचा परिच्छेद प्रत्येक वेळी त्याच शब्दांत, त्याच क्रमाने म्हणायचे. डोळे, मान, फुफ्फुसं, हृदय, पोट, पाय. आरती म्हणावी तसा. तुला तो पाठ होता. ते ‘मान’ म्हणायच्या आत तुझी बोटं पोटापर्यंत पोचलेली असायची. ज्ञानेश्वर म्हणायचा, “कामिनीताई आबांच्या आधीच पेशंट तपासून मोकळ्या होतात.” आपण सगळे हसायचो. जुन्या माणसांची ही सवय आहे, सगळेच करतात, मीही करायचे. पाठ असलेलं आधी टाइप करायचं आणि मग आवाज त्याच्यावरून जाऊ द्यायचा, फरक आला तर थांबायचं. ही सवय कानांच्या भरवशावर चालते. त्या वेळी त्यात काही वावगं नव्हतं.

गेल्या दिवाळीच्या आसपास तुझ्या शंका बदलल्या. आधी तू फक्त उत्तरं द्यायचीस, आता विचारायला लागलीस. आणि लिहायच्या पद्धतीबद्दल नाही, तर “जरा ही जागा ऐकून सांग गं” असं. मी ऐकून सांगायचे. इतरही सांगायचे. कोणाला त्यात काही वाटलं नाही, उलट ताईंना काही सांगायला मिळालं म्हणून सगळे खूष. तू म्हणालीस हेडफोन खराब झाला. नवा आणलास. मग म्हणालीस नवाही बेकार निघाला. मग म्हणालीस, सावद्यात लाइटचा दाब कमी-जास्त होतो, त्याने आवाजाला खरखर येते. ताई, मी इलेक्ट्रॉनिक्स शिकले आहे. लाइटच्या दाबाने खरखर आली असती तर ती सगळ्या फायलींना आली असती. तुझ्या शंका बहुतेक वेळा बाईमाणसाच्या आवाजाच्या असायच्या, ‘ताटावरची’च्या, त्या नव्या तरुण डॉक्टरीणबाईच्या. तू दिलेल्या जागा मी उघडून ऐकायचे तेव्हा त्या स्वच्छ असायच्या. गोंगाट नाही, तुटक नाही. पहिल्यांदा मला वाटलं, ही दमली आहे. नंतर मला काय वाटलं ते मी कोणालाच सांगितलं नाही, तुलाही नाही.

संक्रांतीनंतर मी सावद्याला आले होते, ते सहज आले नव्हते. तुझ्या रूपाला ताप होता. तू तिच्या काखेत थर्मामीटर लावून माझ्याशी बोलत होतीस, तुमच्या नव्या बागेत हितेंद्रभाऊंनी लावलेल्या रोपांबद्दल. थर्मामीटर वाजला. तो बारीक, टोकदार आवाज, जो बाहेर ओट्यावर बसलेल्या पुष्पाबाईंनाही ऐकू आला असेल. तू बोलतच राहिलीस. तो वाजून थांबला. रूपाने तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि स्वतःच काखेतून काढून तुझ्या हातात दिला. तिने तो इतक्या सहज दिला, की ही तिची पहिली वेळ नाही हे मला कळलं. थोड्या वेळाने ओट्यावरून पुष्पाबाईंचा आवाज आला, “चार हाका मारल्या तं एक ओ देते ही बाई. ध्यान कुठी राहतं हिचं, देव जाने!” आणि तू हसून मला म्हणालीस, “सासूबाई काहीतरी म्हणाल्या वाटतं.” तू माझ्या तोंडाकडे बघून बोलत होतीस. तू नेहमी माणसाच्या डोळ्यांकडे बघून बोलणारी. त्या दिवशी तू पूर्णवेळ माझ्या ओठांकडे बघत होतीस.

परतताना भुसावळपर्यंत बसमध्ये मी ठरवत होते, की तुला कसं विचारायचं. मला असलं विचारता येत नाही. मी माणसांशी कमी बोलते आणि बोलते ते नेमकं बोलते, आणि नेमकं बोललेलं लागतं, हा माझा अनुभव आहे. म्हणून मी थांबले. मग ती फाइल आली.

आबांची फाइल होती. अलीकडे तू आबांच्याच जास्त मागून घेत होतीस. त्यांचा आवाज जाड आहे, तुला तो अजून बराचसा ऐकू येतो, आणि जो येत नाही तो पाठ आहे, असं मी समजते. फाइल सुरेख होती. एकही जागा सोडलेली नाही. मी ऐकायच्या आधी नुसती वाचली, आणि शेवटी अडले. शेवटी तू बरोबर लिहिलं होतंस, की हृदयाची सोनोग्राफी करून घ्यावी. आणि वर, तपासणीत, आबांचा नेहमीचा परिच्छेद: ठोके नियमित, जादा आवाज नाही. जादा आवाज नसेल तर सोनोग्राफी कशाला? मी रेकॉर्डिंग लावलं. माझ्या डोक्यावर पंखा घरघरत होता, अक्का दारात बोलत होती. तरी मला स्पष्ट ऐकू आलं. आबा हृदयापाशी आले आणि थांबले. पेशंट बाईच्या हृदयात पूर्वी नव्हता असा जादा आवाज ऐकू येतो आहे, असं त्यांनी हळू, जपून सांगितलं, आणि तो नेमका कुठे येतो, तेही सांगितलं. मग पुन्हा ते नेहमीच्या पोटावर आणि पायांवर गेले. आबांनी आपला परिच्छेद पहिल्यांदाच मोडला होता, आणि तुझ्या फाइलीत तो अखंड होता.

मी ते दुरुस्त करून गप्प पुढे पाठवू शकले असते. तपासणारे ओळखीच्यांसाठी असं करतात, तुला माहीत आहे. ती फाइल दुरुस्त होऊनच गेली, त्या बाईचं काही बिघडलं नाही. पण मी गप्प राहिले असते तर तू पुढची फाइलही तशीच लिहिली असतीस, आणि ती माझ्याकडेच आली असती असं नाही. प्रत्येक फाइल तपासली जात नाही. म्हणून मी शेरा मारला. त्यावर तुझं उत्तर आलं: “शेरा मान्य. आभार.” आपल्या इतक्या वर्षांत तू मला कधी आभार म्हणाली नव्हतीस. मग तू ‘शंका’मधून बाहेर पडलीस. ज्ञानेश्वरने मला विचारलं, “काय झालं? दोघींचं वाजलं का?” मी म्हटलं, माहीत नाही. त्याने एक नवी शंका टाकली होती, तिला दिवसभर कोणी उत्तर दिलं नाही. मग मी दिलं.

ऑफिसातून बन्सीलाल सरांनी तुझ्याकडून कारण मागवलं होतं. तू काय लिहिलंस ते त्यांनी मला सांगितलं, कारण शेरा माझा होता. “घाईत झालं, पुन्हा होणार नाही.” सर म्हणाले, “कामिनीबाई आणि घाई? पटतं का तुम्हाला?” ते पुढे म्हणाले की घाईने न ऐकता लिहिणाऱ्याला ठेवता येणार नाही, महिनाअखेर त्यांना वर कळवायचं आहे, आणि त्यांचाही नाइलाज आहे. तुझी नोकरी आता त्या एका शब्दावर उभी आहे, ताई, आणि तो शब्द खोटा आहे. तुझ्या हातून घाई झालेली मी कधी पाहिली नाही.

तू तो शब्द का निवडलास हे मला कळतं. तुझ्या नानांबद्दल तू एकदाच बोलली होतीस, ऑफिसच्या जिन्यात डबा खाताना. पितांबरनाना दीपनगरच्या कॉलनीतले, सगळ्यांच्या ओळखीचे, पत्त्यांत कोणाला हार न जाणारे. पन्नाशीत त्यांना कमी ऐकू यायला लागलं. मग लोक त्यांच्याशी ओरडून बोलायला लागले. नुसता चहा हवा का विचारायचं तरी सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल असं. लोक त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोलायचे, ते तिथे नसल्यासारखे. तू म्हणालीस, नानांनी हळूहळू लग्नाकार्याला जाणं सोडलं, आणि पेपर तोंडासमोर धरून बसायला लागले, म्हणजे कोणी काही विचारू नये. मशीन घ्या म्हटलं तर म्हणायचे, मी काय म्हातारा झालो? तेव्हा तू डब्याचं झाकण लावत म्हणाली होतीस, माणूस बहिरा झाला की लोक त्याला मूर्ख धरतात. म्हणून आज निष्काळजी म्हणवून घेणं तुला चालतं, ते दुसरं चालत नाही. मी तुझ्या जागी असते तर कदाचित हेच केलं असतं. पण मग तू माझ्या जागी असतीस, आणि तू मला सोडलं नसतंस.

मी कोणालाही काही सांगितलेलं नाही. सरांना नाही, हितेंद्रभाऊंना नाही, ज्ञानेश्वरला नाही. नवीन मुलामुलींच्या लिहिण्याच्या शंका बघायला, हॉस्पिटलांचे नियम जुळवून ठेवायला आपल्याकडे कोणी धड माणूस नाही, आणि ते काम डोळ्यांचं आहे. ते तुला देतील का, हे मी सरांना विचारलेलं नाही. विचारायचं तर कारण द्यावं लागेल, आणि ते कारण तुझं आहे, माझं नाही. देतील असं मी वचन देत नाही. कानांना लावायच्या मशीनने ‘ताटावरची’ पुन्हा स्पष्ट होईल असंही मी सांगत नाही. होईल किंवा होणार नाही. काही वेळा बऱ्यापैकी होतं, असं मी वाचलं आहे. माझ्यापुरतं एवढंच सांगते: ग्रुपवर शंकेला आता उत्तरं देणारे बरेच आहेत, आणि त्यांचं प्रत्येक उत्तर मी पुस्तकात पुन्हा तपासून बघते. तुझं कधीच तपासलं नाही. कामात मला त्याची उणीव भासते. कामाबाहेरही भासते.

येत्या गुरुवारी सकाळी अकराला जळगावात कानांच्या तपासणीची वेळ घेतली आहे. पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे, सावद्याच्या बसने उतरलीस की रिक्षाने पाच-दहा मिनिटं. तिथे एका बंद खोलीत बसवतात आणि बारीक बारीक आवाज देतात, त्यात दुखायचं काही नाही. नाव तुझं दिलं आहे, पण सोबत म्हणून मी येणार आहे, धुळ्याहून सकाळच्या गाडीने. हितेंद्रभाऊंना, मयुरी जळगावला येते आहे आणि भेटायचं म्हणते, एवढं सांगितलंस तरी ते खोटं होणार नाही. तपासणीचा कागद हाती आल्यावर तो सरांना दाखवायचा की फाडून टाकायचा ते तू ठरव. पण ‘घाई’ हा शब्द मागे घ्यायला महिनाअखेरपर्यंतच वेळ आहे. हे सगळं फोनवर दोन मिनिटांत झालं असतं. मी तीनदा फोन केला होता, तुझ्या लक्षात असेल. तिन्ही वेळा तू ‘हो, हो’ म्हणालीस आणि रेंज नाही म्हणून ठेवलास, आणि मी काय विचारलं होतं ते तुला ठाऊक नव्हतं, कारण मी ‘हो’ने उत्तर देता येईल असं काही विचारलंच नव्हतं. मेसेज केला असता तर तो रूपाने सगळ्या घराला वाचून दाखवला असता. म्हणून पत्र. गुरुवारी तू आली नाहीस तर मी तिथूनच सावद्याची बस पकडीन, आणि मग हेच बोलणं तुझ्या ओट्यावर, पुष्पाबाईंच्या देखत होईल. त्यापेक्षा जळगाव बरं.

तुझीच,
मयुरी